मुंग्या पाळणारा खासदार

लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरील एका नामांकित पेढीचे मालक, ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य आणि लंडन विद्यापीठाचे कुलगुरू अशी तिहेरी जबाबदारी सांभाळणारे एक गृहस्थ १८७०च्या दशकात सकाळी घरून निघण्यापूर्वी एक विलक्षण काम उरकत असत. पाठीवर रंगाचा ठिपका दिलेली एक मुंगी ते अलगद उचलून लहानशा बाटलीत ठेवत. दिवसभर पेढीचे आणि सभागृहाचे कामकाज आटोपून घरी परतल्यावर तिला बाटलीतून मोकळे करत आणि घड्याळ समोर ठेवून वहीत नोंद घेऊ लागत. सुटका होताच ती मुंगी सकाळी अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घेई. जवळ ठेवलेल्या अळ्यांपैकी एक उचलून ती वारुळाची वाट धरी. एकदा या गृहस्थांना काही कामानिमित्त सहा दिवस बाहेरगावी राहावे लागले. तेवढे दिवस बाटलीत काढलेली मुंगी आता घराची वाट विसरली असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिने समोरची अळी उचलली, तीन फुटांवरील वारूळ गाठले आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर ती दुसरी अळी नेण्यासाठी परत आली.

हे गृहस्थ म्हणजे सर जॉन लबक. इंग्रजांना ते बँक हॉलिडेचे जनक म्हणून, पुरातत्त्वज्ञांना अश्मयुगाचे दोन भाग पाडणारे विद्वान म्हणून आणि कीटकशास्त्रज्ञांना काचेच्या वारुळांचे कर्ते म्हणून परिचित आहेत. ही तिन्ही कामे एकाच माणसाची आहेत, हे मात्र अनेकांच्या ध्यानी येत नाही.

जॉन लबक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर जॉन विल्यम लबक पेशाने बँकर होते आणि वृत्तीने गणिती व खगोलशास्त्रज्ञ. केंट परगण्यातील डाऊन गावाजवळ हाय एल्म्स ही त्यांची विस्तीर्ण जहागीर होती आणि जॉनचे बालपण तेथेच गेले. तो आठ वर्षांचा असताना, १८४२ साली, वडिलांनी एके दिवशी घरी येऊन मुलाला एक आनंदाची बातमी असल्याचे सांगितले. आपल्याला तट्टू मिळणार, अशी मुलाची खात्री झाली. बातमी एवढीच निघाली की चार्ल्स डार्विन नावाचे एक गृहस्थ गावात राहायला येत आहेत. मुलाची घोर निराशा झाली. ही आठवण लबक पुढे आयुष्यभर हसत हसत सांगत, कारण त्या शेजाऱ्याएवढा प्रभाव त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचाही पडला नाही.

शिक्षण म्हणावे तर ते जेमतेमच झाले. ईटनसारख्या प्रतिष्ठित शाळेत मुलगा दाखल झाला, पण पेढीत माणसांची गरज भासू लागल्याने चौदाव्या वर्षीच त्याला शाळेतून काढून कामाला जुंपण्यात आले. त्याने विद्यापीठाचे तोंडही पाहिले नाही. त्याचे खरे विद्यापीठ भरले ते डार्विन यांच्या अभ्यासिकेत. मुलाचा निसर्गाकडील ओढा ओळखून डार्विन यांनी त्याच्या वडिलांना सूक्ष्मदर्शक घेऊन देण्याची गळ घातली. डार्विन तेव्हा बार्नेकल या समुद्री जीवांच्या अभ्यासात गढलेले होते. त्या कामासाठी काही आकृत्या काढण्यास या मुलाचा हात उपयोगी पडला. १८५३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लबक यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डार्विन यांच्या संग्रहातील एका चिमुकल्या कवचधारी जीवाचे वर्णन त्यात होते आणि त्या जीवाला नाव दिले होते ते डार्विन यांचेच. दोन वर्षांनी टेम्स नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरात लबक यांना कस्तुरी वृषभाची जीवाश्म कवटी सापडली. हिमप्रदेशातील या प्राण्याचा ब्रिटनमधील तो पहिला पुरावा ठरला. १८५८ साली, चोविसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

पुढच्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विद्वानांचे जग दुभंगले. १८६० साली ऑक्सफर्ड येथे झालेल्या गाजलेल्या सभेत हक्स्ली आणि बिशप विल्बरफोर्स यांची खडाजंगी सर्वांनाच ठाऊक असते, मात्र त्याच सभेत लबक यांनीही डार्विन यांच्या बाजूने भाषण केले, हे सहसा सांगितले जात नाही. १८६४ साली हक्स्ली, हूकर, टिंडल, हर्बर्ट स्पेन्सर आदी नऊ मित्रांनी एक्स क्लब नावाचे मंडळ स्थापन केले. त्यात लबक होते. १८६५ साली त्यांचा प्रागैतिहासिक काळावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अश्मयुगाचे पुराश्मयुग व नवाश्मयुग असे दोन भाग प्रथमच नावानिशी वेगळे झाले. आज आपल्याकडील शालेय पाठ्यपुस्तकांतही ज्या संज्ञा आढळतात, त्यांची मूळ इंग्रजी रूपे लबक यांनी घडवलेली आहेत. त्याच वर्षी वडील निवर्तले. पेढी, जहागीर आणि सर ही पदवी असा तिहेरी वारसा त्यांच्याकडे आला.

१८७० साली मेडस्टन मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे ते पार्लमेंटमध्ये गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी बँक हॉलिडे कायदा मंजूर करवून घेतला. धार्मिक सणांशी बांधलेल्या सुट्ट्या त्यापूर्वीही होत्या. ऑगस्टमधील पहिला सोमवार मात्र कोणत्याही संताचा नव्हता, तो निव्वळ विश्रांतीचा दिवस होता. कृतज्ञ कारकुनांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला संत लबक दिन असे नाव देऊन टाकले. भारतात १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली सुट्ट्या जाहीर होतात, तो कायदा वेगळा. तरीही बँक हॉलिडे हा शब्द मुंबईतील चाकरमान्याच्या तोंडी आला त्याच्या मुळाशी हेच गृहस्थ आहेत.

एवढे व्याप असलेला माणूस मुंग्यांकडे का वळला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मुंगीविषयी माणसाने फार पूर्वीपासून गोष्टी रचल्या आहेत. उद्योगी, काटकसरी, शिस्तप्रिय, एकमेकींसाठी जीव टाकणारी अशी तिची प्रतिमा युरोपात होती आणि आपल्याकडेही ती तशीच आहे. जिनिव्हाचे पियेर ह्युबर यांनी १८१०च्या सुमारास मुंग्यांचा उत्कृष्ट अभ्यास केला होता, परंतु त्यानंतरच्या पुस्तकांत निरीक्षणापेक्षा कौतुकच अधिक शिरले. संकटात सापडलेल्या सखीला मुंग्या कसे वाचवतात, मृतांची अंत्ययात्रा कशी काढतात, आपसात कसे बोलतात, याच्या सुरस कथा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत होत्या. मुंग्यांची समाजरचना पाहता बुद्धीच्या श्रेणीत त्यांना माणसाखालोखाल जागा मिळण्यास हरकत नाही, असेच लबक यांचेही मत होते. मात्र या मताची किंमत चुकवावी लागेल आणि ती प्रयोगाने चुकवावी लागेल, हे त्यांनी ओळखले. १८७४ पासून त्यांनी घरातच मुंग्या पाळण्यास प्रारंभ केला.

त्यांनी बनवलेले वारूळ अत्यंत साधे होते. खिडकीच्या काचेचे सुमारे दहा इंच लांबी-रुंदीचे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, कडेने लाकडाच्या पट्ट्या लावायच्या आणि मधल्या फटीत बारीक ओलसर माती भरायची. ही फट एक दशांश ते पाव इंच, म्हणजे मुंगीला जेमतेम फिरता येईल एवढीच. मातीचा थर इतका पातळ राहिला की मुंग्यांनी कितीही बोगदे खणले तरी त्या काचेआड दिसतच राहत. एका कोपऱ्यात ये-जा करण्यासाठी दार. उजेड मुंग्यांना सहन होत नाही म्हणून वर अपारदर्शक झाकण, जे निरीक्षणापुरते बाजूला सारायचे. अन्न म्हणून मुख्यतः मध. अशी अनेक वारुळे एका खांबाला आडव्या फळ्यांवर बसवून त्यांनी जणू मुंग्यांची चाळच उभी केली. मुंग्या पळू नयेत म्हणून भोवती पाण्याचा खंदक केला. दुधातुपाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणाऱ्या आपल्याकडील गृहिणींना ही युक्ती नवी वाटणार नाही, फक्त येथे हेतू उलटा होता. पाणी उन्हाळ्यात आटते असे दिसल्यावर त्यांनी केस खाली वळलेल्या फरच्या पट्ट्याही वापरल्या. त्यावरून मुंगीचे पाय घसरतात.

ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या मुंग्यांपैकी सुमारे निम्म्या जाती आणि त्याखेरीज बऱ्याच परदेशी जाती त्यांनी या काचांमध्ये सांभाळल्या. एका वेळी तीस ते चाळीस वसाहती त्यांच्या नजरेखाली असत. वारुळे पूर्वीही निरखली गेली होती. लबक यांचे वेगळेपण असे की ते वसाहतीकडे न पाहता मुंगीकडे पाहत. पाठीवर रंगाचा ठिपका दिला की हजारोंतील एक मुंगी ओळखू येते, तिचा दिनक्रम लिहिता येतो आणि ती आज काय करते व उद्या काय करते याची तुलना होऊ शकते. अशाच एका मुंगीने पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून एका दिवसात १८७ अळ्या वाहून नेल्याची नोंद त्यांच्या वहीत आहे. रात्री दहाच्या सुमारास कंदिलाच्या उजेडात मुंगीच्या खेपा मोजत बसलेला हा खासदार पाहून घरातील नोकरचाकरांना काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

एका वारुळातील हजारो मुंग्या एकमेकींना ओळखतात आणि परकी मुंगी आत शिरताच तिच्यावर तुटून पडतात. ही ओळख पटते कशी? मुंग्यांमध्ये एखादा संकेतशब्द किंवा ठरावीक खूण असावी, असा काही निसर्गअभ्यासकांचा तर्क होता. तसे असेल तर शुद्ध हरपलेल्या मुंगीला खूण देता येणार नाही आणि ती परकी ठरेल, असा विचार लबक यांनी केला. प्रथम त्यांनी क्लोरोफॉर्म वापरून पाहिला, पण बेशुद्ध मुंग्यांना इतर मुंग्यांनी मेलेलेच समजले आणि आपले-परके न पाहता सगळ्यांना दूर नेऊन टाकले. मग त्यांनी मुंग्यांना मद्य पाजले. हे सोपे नव्हते. कोणी लवकर शुद्धीवर येई, तर कोणी मुळीच येत नसे. नेमकी तेवढीच नशा साधणे हेच मोठे कौशल्याचे काम होते. त्यानंतर एकाच वारुळातील काही आणि दुसऱ्या वारुळातील काही अशा झिंगलेल्या मुंग्या त्यांनी पाण्याच्या खंदकाजवळ मध खात असलेल्या शुद्धीवरील मुंग्यांसमोर ठेवल्या. त्या मुंग्या आधी गोंधळल्या. आपल्या नातलगांना अशा अवस्थेत त्यांनी बहुधा प्रथमच पाहिले असावे. मग त्यांनी आपल्या वारुळातल्या बहुतेक जणींना उचलून घरी नेले आणि परक्यांना खंदकात नेऊन बुडवले. काही चुका झाल्या आणि लबक यांनी त्याही प्रामाणिकपणे नोंदवल्या. एकूण निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. बेहोश मुंगी खूण देऊ शकत नाही, तरीही ती ओळखली जाते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. वारुळातील कोष बाहेर काढून त्यांनी वेगळे वाढवले आणि त्यातून निघालेल्या तरुण मुंग्या मूळ वारुळात सोडल्या. ज्यांनी आपले घर कधी पाहिलेच नव्हते, त्यांनाही घरच्यांनी सामावून घेतले. एकाच वसाहतीचे दोन भाग करून वर्षाहून अधिक काळ वेगळे ठेवले, तरी पुन्हा भेट होताच वैर दिसले नाही. माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात तशी ही ओळख नाही, हे यातून सिद्ध झाले. मग ती कशाने पटते, हे त्यांना सांगता आले नाही. मुंगीच्या अंगावरील मेणासारख्या थरातील रसायनांचा गंध हाच तिचा परवाना असतो, हे कळण्यास विसावे शतक बरेच पुढे जावे लागले.

मुंग्यांच्या परोपकाराच्या कथाही त्यांनी तपासल्या. आपल्या वारुळातील काही मुंग्या एका बाटलीत आणि परक्या काही मुंग्या दुसऱ्या बाटलीत घालून तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि दोन्ही बाटल्या वारुळात ठेवल्या. अडकलेल्या भगिनींकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. परक्यांच्या बाटलीभोवती मात्र पहारा बसला, फडके कुरतडले जाऊ लागले आणि काही दिवसांनी आत शिरून शत्रूंचा निकाल लावण्यात आला. मुंग्यांत प्रेमापेक्षा द्वेष प्रबळ असतो, असा खिन्न करणारा निष्कर्ष लबक यांना काढावा लागला. मातीखाली पुरलेल्या मुंग्यांना वाचवण्यासाठीही वरून जाणाऱ्या मुंग्यांनी काही केले नाही. परंतु याच नोंदींत एक वेगळा प्रसंगही आहे. एका वसाहतीत शृंगिका, म्हणजे डोक्यावरील स्पर्शाच्या मिशा, नसलेली मुंगी जन्माला आली होती. मुंगीला मिशा नसणे म्हणजे माणसाला डोळे, कान आणि जीभ नसण्यासारखे. ती एकदा चुकून बाहेर पडली आणि दुसऱ्या जातीच्या मुंगीने तिला जखमी केले. तिच्याच वारुळातील एक मुंगी तेथे आली, तिने त्या पांगळीला चाचपून पाहिले आणि अलगद उचलून घरी नेले. हा एक प्रसंग त्यांनी नियम म्हणून मांडला नाही, पण वगळलाही नाही.

बुद्धीच्या परीक्षेत मुंग्या फारशा उत्तीर्ण झाल्या नाहीत. अळ्यांच्या ढिगापासून वारुळाकडे जाणाऱ्या कागदी पुलात लबक यांनी थोडेसे अंतर पाडले. शेजारी मातीचा ढीग होता. चार कण आणून टाकले असते तर ती फट भरली असती. मुंग्यांनी ते केले नाही. खाली तिहाई इंचावर असलेल्या जागेवर उडी टाकली असती तरी काम झाले असते, पण त्यांनी कित्येक फुटांचा वळसा घालणे पसंत केले. ज्यांच्या बांधकामाचे युरोपभर गोडवे गायले जात होते, त्यांना चिमूटभर मातीचा उपयोग सुचू नये, याचे लबक यांनाच आश्चर्य वाटले. त्यांचे मोठेपण असे की आश्चर्य वाटले म्हणून त्यांनी निकाल बदलला नाही.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा शोध प्रकाशाविषयीचा आहे. वारुळावर उजेड पडला की मुंग्या कोष उचलून अंधाराकडे नेतात. याचा उपयोग करून त्यांनी वारुळावर रंगीत काचा ठेवल्या. माणसाच्या डोळ्याला जांभळी काच सर्वांत गडद दिसते, म्हणून मुंग्या तिच्याखाली जमतील अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. मुंग्या जांभळ्या काचेखालून उठून तांबड्या काचेखाली गेल्या. काचांच्या जागा बदलल्या, तरी हाच प्रकार. पुढे त्यांनी लोलकातून पाडलेला वर्णपट वारुळावर टाकला. जांभळ्या रंगापलीकडे, जिथे माणसाला काहीच दिसत नाही, तिथले कोषही मुंग्यांनी लगबगीने हलवले. मग कार्बन बायसल्फाइडसारखे द्रव उथळ भांड्यात भरून झाकण म्हणून वापरले. माणसाला ते पाण्यासारखे स्वच्छ दिसतात, पण अतिनील किरण अडवतात. मुंग्या त्याखाली अंधारात बसल्यासारख्या निश्चिंत बसल्या. माणसाला न दिसणारा प्रकाश दुसऱ्या एखाद्या जीवाला जाणवतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. लबक यांना त्यातले गांभीर्य कळले होते. आपण जे जग पाहतो तेच मुंगी पाहते असे मानण्यास काही आधार उरला नव्हता.

ध्वनीच्या प्रयोगांत मात्र पदरी निराशा आली. त्यांनी मुंग्यांसमोर व्हायोलिन वाजवले, शिट्ट्या फुंकल्या, ट्यूनिंग फोर्क घुमवले, ओरडूनही पाहिले. एकाही मुंगीने दखल घेतली नाही. मुंग्यांना आपल्यासारखे ऐकू येत नाही हे खरेच होते. हवेतील आवाजापेक्षा पायाखालच्या जमिनीतील कंपने त्यांना जाणवतात, हे पुढील संशोधकांनी दाखवले.

शेतकऱ्यांना मावा ही कीड चांगली परिचित आहे. माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्या चाटतात, हेही जुनेच ज्ञान. लबक यांनी त्यात भर घातली ती थक्क करणारी आहे. शरद ऋतूत माव्याने झाडावर घातलेली अंडी पिवळ्या मुंग्यांनी वारुळात आणली आणि ती सबंध हिवाळाभर जपली. त्या अंड्यांचा मुंग्यांना तेव्हा काहीच उपयोग नव्हता. मार्चमध्ये पिल्ले निघाली आणि मुंग्यांनी ती बाहेर नेऊन डेझीच्या कोवळ्या कोंबांवर ठेवली. सहा महिन्यांनंतरच्या लाभासाठी आज केलेली ही तजवीज पाहून लबक यांनी ते मुंग्यांच्या दूरदृष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण मानले. दुसऱ्या टोकाला त्यांच्या संग्रहात ॲमेझॉन मुंग्या होत्या. दुसऱ्या जातीचे कोष पळवून त्यातून निघणाऱ्या मुंग्यांकडून त्या सारी कामे करून घेतात. त्यांचे जबडे तलवारीसारखे असतात, पण समोर अन्न असूनही स्वतःच्या तोंडाने खाता येत नाही. लबक यांनी अशा मुंग्यांना रोज तास-दोन तास एक दासी दिली. तिने भरवले, अंग पुसले. एवढ्या मदतीवर त्या तीन महिने जगल्या.

एकटी राणी नवी वसाहत स्थापन करू शकते का, हा त्या काळी वादाचा विषय होता. ऑगस्ट १८७६मध्ये बागेत उडताना सापडलेल्या एका लाल जातीच्या राण्या व नर त्यांनी वेगळे ठेवले. नर वसंतापर्यंत मेले. राणीने अंडी घातली, कामकऱ्यांच्या मदतीशिवाय ती वाढवली आणि १८७७च्या उन्हाळ्यात पहिली कामकरी मुंगी बाहेर पडली. आज जगभरातील हौशी मंडळी एका राणीपासून घरात वसाहत वाढवतात, त्याची पहिली काळजीपूर्वक लिहिलेली नोंद ही होय. ऑस्ट्रेलियातील मधुघट मुंगी, जिच्या काही कामकऱ्या पोटात मध साठवून द्राक्षाएवढ्या फुगतात, तिचे शास्त्रीय वर्णन आणि नामकरणही १८८० साली लबक यांनीच केले.

मुंग्यांखेरीज त्यांनी एक गांधीलमाशीही पाळली होती. पिरेनीज पर्वतातून आणलेली ही माशी त्यांच्या हातावर बसून खात असे. १८७२ साली ब्रायटन येथील विज्ञान परिषदेत तिने श्रोत्यांची मने जिंकली. काही महिन्यांनी ती मेली, तेव्हा तिला ब्रिटिश म्युझियममध्ये जागा मिळाली. व्हॅन नावाच्या काळ्या पूडल कुत्र्याला त्यांनी शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डे ओळखायला शिकवले. भूक लागली की तो नेमके अन्नाचे कार्ड आणून देई.

१८८२ साली मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हातोहात खपला. पंच साप्ताहिकाने त्यांना मधमाशीच्या रूपात चितारले. परंतु ते वर्ष त्यांच्यासाठी आनंदाचे नव्हते. १९ एप्रिल रोजी डार्विन निवर्तले. कुटुंबाची इच्छा गावातच दफन करण्याची होती. लबक यांनी सहकारी खासदारांच्या सह्या गोळा केल्या, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या प्रमुखांना विनंती केली आणि ती मान्य झाली. ज्यांच्या आगमनाच्या बातमीने आठ वर्षांच्या मुलाचा हिरमोड झाला होता, त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लबक होते.

लबक यांच्या कार्याचे मोजमाप करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मुंगीविषयी कोणाचीही ऐकीव गोष्ट न स्वीकारणारा हा माणूस माणसांविषयी लिहिताना मात्र तसा राहिला नाही. प्रागैतिहासिक काळ आणि संस्कृतीचा उगम या विषयांवरील त्यांच्या ग्रंथांत आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक बेटे येथील समाजांना रानटी ठरवून त्यांच्यावरून अश्मयुगीन माणसाचे चित्र रंगवले आहे. त्यासाठी आधार घेतला तो प्रवासी, दर्यावर्दी आणि मिशनरी यांच्या वृत्तांतांचा. त्यांपैकी एकाही समाजात जाऊन त्यांनी महिनाभर वही-घड्याळ घेऊन मुक्काम केला नाही. मुंग्यांना मिळालेला न्याय त्या माणसांना मिळाला नाही. साम्राज्याच्या ऐन भरातील इंग्लंडमध्ये हे मत सर्वसाधारण होते हे खरे, पण पुरावा मागण्याची सवय असलेल्या माणसाकडून अपेक्षा अधिक असते.

१८७९ साली त्यांच्या पहिल्या पत्नी एलेन यांचे निधन झाले. १८८४ साली त्यांनी पुरातत्त्वज्ञ पिट रिव्हर्स यांच्या कन्या ॲलिस यांच्याशी विवाह केला. सासरे-जावयांचा संबंध त्याआधीचाच होता. एव्हबरी येथील प्राचीन शिलावर्तुळाच्या जागेवर घरे उठणार हे कळताच लबक यांनी ती जमीन स्वतः विकत घेतली होती. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचे विधेयक त्यांनी १८७३ साली मांडले. खासगी मालमत्तेवर घाला, अशा ओरडीमुळे ते वर्षानुवर्षे फेटाळले जात होते. अखेर १८८२ साली ते मंजूर झाले आणि पहिले निरीक्षक म्हणून पिट रिव्हर्स यांची नेमणूक झाली. १८८६च्या कायद्याने त्यांनी दुकानांत राबणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांचे काम आठवड्याला ७४ तासांवर आणले. हा आकडा आज भयंकर वाटतो, पूर्वीची स्थिती त्याहून भयंकर होती. त्याच वर्षी कामगारांच्या महाविद्यालयात भाषण करताना त्यांनी वाचनीय अशा शंभर पुस्तकांची यादी सुचवली आणि इंग्लंडभर वाद झडला. त्या यादीत महाभारत आणि रामायण होते.

या सर्व धामधुमीत काचेआडची वारुळे चालूच होती. डिसेंबर १८७४मध्ये पकडलेल्या काळ्या मुंग्यांच्या दोन राण्या लबक यांनी सांभाळल्या होत्या. कीटक म्हणजे एका ऋतूचे आयुष्य, अशी तेव्हा समजूत होती. पार्लमेंट बदलले, सरकारे बदलली, मतदारसंघ बदलला, पत्नी गेली, डार्विन गेले, पण राण्या अंडी घालत होत्या. त्यांपैकी एक १८८७ साली मेली. दुसरी ऑगस्ट १८८८मध्ये, पकडल्यानंतर तब्बल साडेतेरा वर्षांहून अधिक काळाने. पकडली तेव्हाच ती प्रौढ असल्याने तिचे वय पंधराच्या घरात धरले गेले. त्या वेळेपर्यंत एवढे दीर्घायुष्य कोणत्याही कीटकाचे नोंदले गेले नव्हते. पुढे दुसऱ्या जातीच्या एका पाळीव राणीने २८ वर्षांचा पल्ला ओलांडला. कामकऱ्यांनी मृत राणीला मृत मानले नाही. ती जिवंत असताना जशा त्या भोवती जमून तिला चाटत, तशाच मृत्यूनंतरही चाटत राहिल्या.

१९०० साली त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. वाचवलेल्या शिलावर्तुळाच्या स्मरणार्थ त्यांनी लॉर्ड एव्हबरी हे नाव घेतले आणि त्यामुळे लबक हे नाव पुढील पिढीला काहीसे अनोळखी झाले. २८ मे १९१३ रोजी केंटच्या किनाऱ्यावरील किंग्जगेट कॅसल या निवासस्थानी त्यांचे निधन झाले. काचेच्या दोन तावांमधील वारूळ आजही प्रयोगशाळांत वापरले जाते. त्याचीच एक खेळणेवजा आवृत्ती मिल्टन लेव्हिन यांनी १९५६ साली अमेरिकेत बाजारात आणली आणि लक्षावधी मुलांच्या खोल्यांत मुंग्या पोहोचल्या. ज्या हाय एल्म्समध्ये हे सर्व घडले, ते घर १९६७ साली आगीत भस्मसात झाले. तेथील जहागिरीवर आता सार्वजनिक उद्यान आणि गोल्फचे मैदान आहे.